मोठे टायर घातल्यावर स्पीडचा हिशेब कसा जुळवायचा

मोठे टायर घातल्यावर दोन प्रकारच्या तक्रारी येतात आणि गॅरेजमध्ये त्या सर्रास एकत्र केल्या जातात. पहिली म्हणजे काटा कमी दाखवतो. दुसरी म्हणजे एबीएस (ब्रेक लावताना चाकं अडकू न देणारी यंत्रणा), ट्रॅक्शन (चाकं घसरू न देणारी यंत्रणा) किंवा चेक इंजिनचा दिवा लागतो आणि स्कॅनरवर स्पीड सेन्सरचा कोड येतो. पहिलीचं कारण टायर. दुसरीचं कारण बहुतेक वेळा टायर नसतो. टायर बदलताना किंवा काटा ‘दुरुस्त’ करताना केलेलं दुसरंच काहीतरी असतं. आपली तक्रार यातली कोणती, हे ठरल्याशिवाय एकही तार कापू नका.

याचं कारण साधं आहे. गाडीतला कुठलाही स्पीड सेन्सर वेग मोजत नाही, तो फेरे मोजतो. गिअरबॉक्सच्या आउटपुट शाफ्टवरचा सेन्सर शाफ्टचे फेरे मोजतो, हबवरचा, म्हणजे चाकाच्या मध्यावरचा सेन्सर चाकाचे. दोन्हींमधलं गुणोत्तर क्राउन-पिनियनच्या (शाफ्टचे फेरे ॲक्सलला देणाऱ्या गिअरच्या जोडीच्या) दातांनी ठरतं, टायरने नाही. चारही टायर सारखेच मोठे असतील तर दोन्ही सेन्सरचे आकडे एकाच प्रमाणात कमी होतात आणि त्यांचं आपसात भांडण होत नाही. फेऱ्यांना घेराने गुणून वेग काढण्याचं काम कंप्युटर करतो, आणि त्याच्याकडे घेर जुनाच नोंदलेला असतो. चुकतो तो हा एक आकडा.

आधी किती फरक पडला ते काढा

टायरच्या बाजूवर लिहिलेल्या साइझवरून व्यास काढता येतो. रुंदीला टक्केवारीने गुणा, दोनने गुणा, त्यात रिमचा व्यास मिलिमीटरमध्ये मिळवा (इंच × २५.४). जिम्नीचा मूळ टायर १९५/८० आर १५: १९५ × ०.८० × २ = ३१२, अधिक ३८१, म्हणजे ६९३ मिमी. २३५/७५ आर १५ चा व्यास ७३३.५ मिमी. भागाकार १.०५८, म्हणजे ५.८ टक्के मोठा. त्याऐवजी २१५/७५ आर १५ निवडला तर व्यास ७०३.५ आणि फरक जेमतेम दीड टक्का.

थारच्या २५५/६५ आर १८ चा व्यास ७८८.७ मिमी. त्याजागी २५५/७० आर १८ घातले तर ८१४.२ (३.२ टक्के), २८५/६५ आर १८ घातले तर ८२७.७ (४.९ टक्के). फॉर्च्युनरच्या २६५/६५ आर १७ वरून २६५/७० आर १७ वर गेलात तर ३.४ टक्के.

हा कागदावरचा हिशेब निर्णयासाठी ठीक, पण कंप्युटरमध्ये भरायला तो आकडा वापरू नका. एकाच साइझचे दोन कंपन्यांचे टायर, विशेषतः मड-टेरेन, प्रत्यक्षात काही मिलिमीटरने वेगळे निघतात. शिवाय वजनाखाली टायर दबतो, त्यामुळे चालता घेर कागदावरच्या घेरापेक्षा साधारण ३ टक्क्यांनी कमी भरतो. तो मोजायची पद्धत अशी: टायर थंड असताना हवा नेहमीच्या आकड्यावर आणा. ड्रायव्हर आत बसवा. सपाट फरशीवर किंवा डांबरावर टायरच्या तळाशी आणि जमिनीवर खडूने एकच रेघ मारा. गाडी सरळ, अगदी सावकाश पुढे घ्या, चाकाचे बरोबर दहा फेरे मोजा, जमिनीवर दुसरी खूण करा. ३० मीटरच्या टेपने अंतर मोजून दहाने भागा. २३५/७५ आर १५ ला दहा फेऱ्यांचं अंतर २२.४ मीटरच्या आसपास यायला हवं. जुन्या टायरवरही हीच मोजणी आधी करून ठेवली असेल तर उत्तम, कारण मग गुणोत्तर थेट मिळतं. टायर बदलायच्या दिवशी पाच मिनिटं जास्त लागतात, एवढंच.

काट्याशी नाही, किलोमीटरशी जुळवा

इथे सगळ्यात जास्त लोक चुकतात. मोबाइलवर जीपीएसचा वेग लावतात, काटा ८० वर धरतात, आणि दोन्ही आकडे एक होईपर्यंत घेर बदलत राहतात. पण कंपनीतून आलेला काटा मुळातच थोडा जास्त दाखवतो. युरोपातल्या आणि इतर अनेक देशांत लागू असलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या ३९ क्रमांकाच्या नियमानुसार काट्याने खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवायचं नाही; जास्त दाखवला तर तो खऱ्या वेगाच्या १० टक्के अधिक ताशी ४ किमी, एवढ्या मर्यादेत चालतो. खरा वेग ८० असेल तर काटा ८० ते ९२ मध्ये कुठेही असू शकतो. हा फुगवटा मीटरच्या आत घातलेला असतो. किलोमीटर मोजणाऱ्या आकड्यात तो सहसा नसतो.

म्हणून काटा जीपीएसशी तंतोतंत जुळवलात तर मीटरमधला फुगवटा घेराच्या आकड्यातून वजा होतो. काटा खरा, पण रनिंग खोटं. क्रूझ, गिअर बदलण्याची वेळ आणि ॲव्हरेज यांचाही पाया चुकतो. तपासणी तीन आकड्यांची करा:

१. महामार्गावरच्या किलोमीटरच्या दगडांवर किमान २० किमी अंतर मोजा आणि ट्रिप मीटरशी ताडून पाहा. ट्रिप १९.० दाखवत असेल आणि दगड २०, तर दुरुस्तीचं गुणोत्तर १.०५३. जीपीएसवर अंतर मोजायचं असेल तर सरळ रस्ता निवडा. घाटात वळणावळणाला जीपीएस कोपरे कापतो आणि अंतर कमी भरतं.

२. ओबीडी पोर्टला (स्कॅनर जोडायच्या सॉकेटला) साधा रीडर लावून ‘व्हेइकल स्पीड’ हा थेट आकडा बघा. हा कंप्युटरचा आकडा असतो, त्यात बहुतेक गाड्यांमध्ये काट्याचा फुगवटा नसतो. ६० आणि ८० वर स्थिर चालवत तो जीपीएसशी ताडा.

३. काटा बघा तो शेवटी, आणि एवढ्यापुरताच: खऱ्या वेगापेक्षा कमी तर दाखवत नाही ना?

या तपासणीतून बऱ्याचदा असं निघतं की काहीच करायची गरज नाही. ३ टक्क्यांपर्यंतचा फरक काट्याच्या फुगवट्यात विरघळतो. नवीन टायरची ८ मिमी नक्षी झिजून १.६ मिमीवर येते तेव्हा व्यास १३ मिमीने कमी होतो. जिम्नीच्या टायरवर ते जवळजवळ १.८ टक्के आहे. जो आकडा टायरच्या आयुष्यात आपोआप एवढा हलतो, त्याच्या मागे पैसे घालवू नयेत. ३ टक्क्यांपर्यंत सोडून द्या. ३ ते ५ मध्ये गाडीत ऑटोमॅटिक गिअरबॉक्स किंवा क्रूझ असेल तर दुरुस्त करा. ५ च्या वर मात्र नक्की करा, कारण तिथे काटा खऱ्या वेगाच्या खाली जायला लागतो. १ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांत सक्तीचा असलेला ८० आणि १२० चा इशाराही तेवढाच उशिरा वाजतो.

ॲव्हरेजबद्दलही एक गोष्ट लक्षात घ्या. मोठ्या टायरनंतर टाकी-टु-टाकी १४ चं १३.२ झालं, तर ते ५.८ टक्के फक्त किलोमीटर कमी मोजले गेल्याने दिसतात. खरी घट त्यापुढची. सर्व्हिसचंही तसंच: मीटरवर १०,००० झाले तेव्हा गाडी १०,५८० धावलेली असते.

तुमच्या गाडीचा वेग कुठून येतो

तीन घराणी आहेत.

सर्वात जुनं केबलचं. जिप्सीसारख्या गाडीत ट्रान्सफर केसमधून (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरच्या पेटीतून) निघालेली केबल थेट मीटर फिरवते. इथे केबलच्या टोकाचा प्लास्टिकचा छोटा गिअर बदलायचा असतो. नवे दात = जुने दात × जुना व्यास ÷ नवा व्यास. समजा जुना २० दातांचा आहे आणि टायर ५.८ टक्क्यांनी मोठे, तर १८.९, म्हणजे १९. दात कमी केले की गिअर जास्त वेगाने फिरतो. उलटं करून २१ चा घातला तर चूक दुप्पट होते. गिअर काढताना ऑइल सील आणि ओ-रिंग नवीनच घाला, नाहीतर केबलमधून तेल चढत चढत मीटरपर्यंत येतं. हवे तेवढे दात मिळत नसतील तर केबलच्या मध्ये बसणारी छोटी गिअर-डबी मिळते. यात कुठलाही कोड येणार नाही, कारण कोड द्यायला कोणी नाहीच.

दुसरं घराणं गिअरबॉक्स किंवा ट्रान्सफर केसवर बसलेल्या तीन तारांच्या सेन्सरचं: एक वीज, एक अर्थ, एक सिग्नल. जपानी पद्धतीच्या गाड्यांत केबलच्या काळातला हिशेब चालू राहिला. ६० किमीच्या वेगाला मिनिटाला ६३७ फेरे आणि फेऱ्याला ४ पल्स (विजेचे ठोके), म्हणजे किलोमीटरला २,५४८ पल्स. मोठ्या टायरने पल्स कमी पडतात, म्हणून मध्ये पल्स वाढवणारी डबी लावतात. यलो बॉक्स किंवा डकोटा डिजिटलची एसजीआय मालिका हे त्यातले माहितीतले प्रकार.

तिसरं, आणि आता सर्वाधिक गाड्यांचं, एबीएसच्या चार चाक-सेन्सरचं. चारही चाकांचे पल्स एबीएसच्या कंप्युटरकडे जातात, तो वेग काढून कॅन लाइनवर (गाडीतले सगळे कंप्युटर जोडणाऱ्या तारांवर) सगळ्यांना सांगतो. इथे डबी हबच्या तारेवर लावायचा विचारही करू नका. हे सेन्सर बहुधा दोन तारांचे असतात आणि सिग्नल व्होल्टेजने नाही तर विजेच्या प्रवाहाने, ७ आणि १४ मिलीॲम्पिअरच्या पायऱ्यांनी देतात. पल्स डबी ते वाचू शकत नाही. समजा कशीबशी वाचली, तरी एका चाकाचा आकडा वाढवून एबीएसला खोटं सांगणं म्हणजे ब्रेक लागतानाच्या निर्णयात हात घालणं.

टोयोटाच्या बऱ्याच जुन्या गाड्या मधल्या आहेत: एबीएसच्या कंप्युटरकडून मीटरकडे एका तारेवर पल्स जातात आणि मीटर तेच पुढे इंजिनच्या कंप्युटरला देतो. तिथे एबीएस आणि मीटरच्या मधली ती एक तार पल्स डबीसाठी योग्य जागा आहे. एबीएसच्या स्वतःच्या हिशेबाला धक्का लागत नाही आणि मीटरनंतरच्या सगळ्यांना एकच दुरुस्त आकडा मिळतो.

डबी लावताना

सगळा खेळ तार कुठे कापता यात आहे. सिग्नलची तार अनेक गाड्यांत फुटते: एक फाटा मीटरला, एक इंजिन कंप्युटरला, कधी तिसरा गिअरबॉक्सला. डबी फाट्याच्या अलीकडे, सेन्सरच्या बाजूला लावा. फक्त मीटरच्या फाट्यावर लावली तर मीटर ८५ म्हणतो, इंजिनचा कंप्युटर ८०, आणि दोघांचे आकडे एकमेकांकडे जात असतील तर पी ०५०१ सारखा कोड हमखास. म्हणजे टायरने न केलेली गडबड दुरुस्तीने केली. वायरिंगचा नकाशा हातात नसेल तर काम थांबवा.

दुसरी अडचण अशी की डबी लावली, वीज आहे, तरी काटा शून्यावर. हा सेन्सर स्वतः व्होल्टेज देत नाही. मीटर किंवा कंप्युटरने पुरवलेलं ५ किंवा १२ व्होल्ट तो फक्त जमिनीला ओढतो. तार कापली की तो पुरवठा डबीच्या पलीकडे राहतो आणि सेन्सरच्या बाजूला ओढायला काही उरत नाही. डबीमध्ये आतला पुल-अप (तो पुरवठा सेन्सरच्या बाजूला देणारा रेझिस्टर) चालू करायची सोय असेल तर तो चालू करा. नसेल तर सेन्सरच्या वीज आणि सिग्नल तारांमध्ये साधारण ४.७ किलोओहमचा रेझिस्टर लावा. चाक हाताने हळू फिरवत मल्टीमीटरवर व्होल्टेज वर-खाली होताना दिसलं पाहिजे. त्याआधी चाक उचलून गाडीखाली भक्कम टेकू लावा आणि न उचललेल्या चाकांना दगड.

वीज इग्निशननंतर चालू होणाऱ्या फ्यूजमधून घ्या, १ ॲम्पिअरचा वेगळा फ्यूज घाला, अर्थ सेन्सरच्या अर्थलाच जोडा. जोड सोल्डर करून हीट-श्रिंक चढवा. पिळून टेप मारलेला जोड एका पावसाळ्यात हिरवा होतो. कापलेल्या दोन टोकांना जोडीचे कनेक्टर लावून ठेवा, म्हणजे रस्त्यात डबी बिघडली तर ती काढून टोकं थेट जोडता येतात. सेटिंग करताना दिशा तपासा: मोठ्या टायरला गुणोत्तर १ पेक्षा जास्त.

कंप्युटरमध्ये घेर भरताना

तिसऱ्या घराण्यात हाच सरळ मार्ग, जिथे तो उघडा आहे तिथे. जीपमध्ये जेस्कॅन ॲपमधून टायरचा आकार आणि क्राउन-पिनियनचं गुणोत्तर दोन्ही भरता येतात. २०१८ पासूनच्या नव्या रँगलरमध्ये सिक्युरिटी गेटवेमुळे (बाहेरून बदल करायला अडवणाऱ्या कुलपामुळे) आधी त्याची बायपास केबल लागते. फोर्डच्या गाड्यांत फोरस्कॅनमधून बॉडी कंप्युटरमधला टायरचा घेर मिलिमीटरमध्ये बदलता येतो. इतर अनेक गाड्यांत कंपनीच्या स्कॅनरवर त्या मॉडेलच्या विकल्या गेलेल्या टायरचीच यादी असते. यादीत नसलेला टायर भरता येत नसेल तर जवळचा मोठा पर्याय निवडून उरलेला फरक ३ टक्क्यांत येतो का ते पाहा.

लिहिण्यापूर्वी सगळ्या कंप्युटरचे कोड वाचून फोटो काढा आणि मूळ कॉन्फिगरेशन फाइल म्हणून जतन करा. बॅटरी १२.५ व्होल्टच्या खाली असेल तर चार्जर लावा. लिहिताना व्होल्टेज पडलं की कंप्युटर अर्धवट राहतो. स्वस्तातला नकली ईएलएम ३२७ (ओबीडी पोर्टला लावायचा रीडर) कोड वाचायला चालतो, लिहायला नाही. एका वेळी एकच आकडा बदला, इग्निशन बंद करून पाच मिनिटं थांबा, कोड पुसा, मग रस्त्यावर तीन आकड्यांची तपासणी पुन्हा करा. मागचे जमा किलोमीटर बदलत नाहीत, आणि ते बदलायचेही नसतात.

यातलं काहीच उपलब्ध नसेल तर फक्त मीटरच्या पाठीमागे बसणाऱ्या कॅन डब्या मिळतात. त्या काटा आणि रनिंग सुधारतात. गिअरबॉक्स आणि क्रूझ जुन्याच आकड्यावर राहतात. मॅन्युअल गाडीला चालतं. ऑटोमॅटिकला अर्धंच काम.

दिवा लागलाच असेल तर

चारही टायर सारखे, डबी नाही, तरी दिवा लागला, तर शोध चाकाजवळ सुरू करा. सरळ रस्त्यावर ३० च्या वेगाने स्कॅनरवर चारही चाकांचे आकडे एकत्र बघा (बघणारा दुसरा माणूस हवा). त्यांत १ किमीपेक्षा जास्त फरक नको.

एक चाक शून्य असेल तर हबजवळची तार बघा. टायरबरोबर लिफ्ट किटही (गाडी उंच करणारं सामान) बसवलं असेल तर सस्पेन्शन पूर्ण खाली लोंबतं तेव्हा एबीएसची तार ताणली जाते आणि आतून तुटते, वरून अखंड दिसते. रुंद टायर पूर्ण वळवल्यावर तारेला घासतो का तेही पाहा. आकडा येतो-जातो असेल तर सेन्सरच्या टोकावर लोखंडी कीस किंवा चिखल, नाहीतर रिंगवर गंज. आणि नवं बेअरिंग घातल्यावर शून्य झालं असेल तर बेअरिंग उलटं दाबलं गेलंय का ते तपासा: बऱ्याच बेअरिंगमध्ये एका बाजूच्या सीलवरच चुंबकी पट्टा असतो, ती बाजू सेन्सरकडे हवी. लोखंडाचा बारीक कीस प्लास्टिकवर पसरून सीलवर धरला की पट्टा कुठल्या बाजूला आहे ते लगेच दिसतं.

पी २१५ए, म्हणजे गाडीचा वेग आणि चाकांचा वेग यांचा मेळ नाही, हा कोड क्राउन-पिनियन बदलल्यावर येऊ शकतो. मोठ्या टायरने गेलेली ओढ परत मिळवायला ३.७३ वरून ४.५६ केलं की शाफ्ट आणि चाक यांच्यातलं गुणोत्तर २२ टक्क्यांनी बदलतं. इथे टायरचा घेर कितीही फिरवला तरी उपयोग नाही. नवं गुणोत्तरच कंप्युटरमध्ये भरावं लागतं.

आरसीवरच्या आणि कंपनीच्या तपशिलापासून फारकत घेणारे बदल मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ खाली येतात, आणि विमा कंपनीला दावा अडवायला निमित्त मिळतं. साइझ निवडतानाच कंपनीने त्या मॉडेलला मान्य केलेल्या मापांची यादी बघून घ्या.

स्टेपनी जुन्या मापाची ठेवून चार मोठे टायर घालणारे बरेच असतात. पंक्चर झाल्यावर ती एक चढवली की चारांत एक चाक ५ टक्के जास्त फिरतं आणि ट्रॅक्शनचा दिवा लागतो, तो बरोबरच असतो. पाचवा टायर मोठाच घ्या. तोपर्यंत रस्त्यात वेळ आलीच, तर जिम्नी किंवा थारसारख्या मागच्या चाकांनी ओढणाऱ्या गाडीत लहान स्टेपनी पुढच्या ॲक्सलवर लावा. पंक्चर मागचं असेल तर पुढचा मोठा टायर मागे घ्या. टू-एच मध्येच (दोन चाकांच्या ओढीवर) ठेवा, फोर-एच (चार चाकांची ओढ) टाकू नका, आणि वेग ५० च्या खाली ठेवून पंक्चरवाल्यापर्यंत जा.